गाडीचा अपघात झाला, आता भरपाईचा दावा कसा उभा करायचा?

मोटार अपघाताच्या भरपाईचा निकाल न्यायाधिकरण दोन-चार वर्षांनी देते. त्या निकालातली रक्कम किती मोठी असेल, हे मात्र पहिल्या काही आठवड्यांतच बरेचसे ठरून गेलेले असते. दवाखान्याच्या केसपेपरवर काय लिहिले, फिर्याद कोणी दिली, पंचनाम्यात गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला दाखवली, कमावत्या माणसाच्या उत्पन्नाचा कागद सापडला की नाही, यावर वकील पुढे काम करतो. मुळात कागदच नसेल तर चांगला वकीलही फार काही करू शकत नाही. म्हणून या लेखात कोर्टापेक्षा आधीच्या कामावर जास्त भर आहे.

पहिला दिवस: दवाखाना

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली. तिच्यानुसार अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दर जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत रोख न भरता मिळू शकतात. दाखल करतानाच 'या योजनेत घ्या' असे स्पष्ट सांगा. मदत करणाऱ्या वाटसरूला कायद्याचे संरक्षण आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. तरीही तो स्वतःहून तयार असेल, तर त्याचा नंबर घेऊन ठेवा, कारण तटस्थ साक्षीदार सहसा मिळत नाही.

आता केसपेपरबद्दल. दाखल करून घेताना डॉक्टर 'काय झाले?' विचारतात आणि ऐकतील ते लिहून घेतात. पोलिसांचे लचांड नको म्हणून नातेवाईक सांगतात, 'गाडीवरून घसरून पडला.' ते एक वाक्य दाव्यात वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. विमा कंपनीचा वकील उलटतपासात तोच केसपेपर दाखवून म्हणतो की दुसऱ्या गाडीची धडक झालीच नव्हती, ती नंतर घुसडली. तेव्हा जे घडले तेच सांगा: कोणत्या गाडीने, कुठे, किती वाजता धडक दिली. नंबर माहीत असेल तर तोही लिहायला लावा. केस मेडिको-लीगल (पोलिसांना कळवण्याची) म्हणून नोंदवली गेली आहे, हे विचारून खात्री करा.

बिले, औषधांच्या पावत्या, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, फिजिओथेरपीच्या पावत्या, दवाखान्यात जाण्या-येण्याचे भाडे, सगळे एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा. मेडिक्लेमसाठी मूळ बिले द्यावी लागली तर आधी साक्षांकित प्रती काढून ठेवा. मेडिक्लेममधून पैसे मिळाले म्हणून दाव्यातला वैद्यकीय खर्च कापता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे. आयुर्विम्याच्या रकमेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच तसे म्हटले होते. त्या खटल्यात समोर आपले एसटी महामंडळ होते.

पोलीस ठाणे आणि पंचनामा

रस्त्यावर गर्दी जमली की कोणीतरी वडीलधारा पुढे होतो आणि 'मिटवून टाका' म्हणतो. पाच-दहा हजार हातावर टेकवले जातात आणि 'आमची काही तक्रार नाही' असे लिहून घेतले जाते. बंपरला पोचा पडला असेल तर खुशाल मिटवा. कोणाला दुखापत झाली असेल तर अजिबात नाही. डोक्याचा मार किंवा मणक्याचा त्रास कधी कधी चार दिवसांनी बाहेर येतो.

फिर्याद वेळेत द्या. घरचा माणूस अतिदक्षता विभागात असताना ठाण्यात जायला उशीर झाला, तर दावा केवळ त्यामुळे बुडत नाही, मात्र उशिराचे कारण फिर्यादीतच लिहायला लावा. अपघात दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झाला असला तरी फिर्याद नाकारता येत नाही. ती शून्य क्रमांकाने नोंदवून तिकडे वर्ग करायची असते. प्रत फिर्यादीला मोफत मिळते. सही करण्यापूर्वी ती वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. समोरच्या चालकाने 'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने व भरधाव वेगात' गाडी चालवली, अशा ठरीव भाषेत ती असते. भाषेचे काही नाही. गाडीचा नंबर, दिशा, वेळ आणि जागा बरोबर आहे ना, ते बघा.

सर्वांत घातक प्रकार वेगळाच असतो. अपघातात माणूस जागीच जातो, त्याच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो आणि समोरचा चालक ठाण्यात जाऊन आपली बाजू मांडतो. मग गुन्हा मयतावरच दाखल होतो. घरच्यांना हे तेराव्यानंतर कळते. असे झाले असेल तर लगेच पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या, साक्षीदारांची नावे द्या, फोटो जोडा आणि अर्जाची पोच घ्या. भरपाईच्या दाव्यात पुरावा फौजदारी खटल्याइतका कडक लागत नाही, कोणती शक्यता जास्त खरी वाटते एवढेच पाहतात. त्यामुळे समोरचा चालक फौजदारी कोर्टात सुटला तरी दावा टिकू शकतो. तरीही चुकीचा पंचनामा अंगावर घेऊन लढणे जड जाते.

शक्य असेल तर त्याच दिवशी कोणाला तरी घटनास्थळी पाठवा. गाड्यांची स्थिती, चाकांच्या घसरणीच्या खुणा, दुभाजक, खड्डा, वळण, दिव्याचा खांब यांचे फोटो काढा. जवळचा पेट्रोल पंप, ढाबा, टोलनाका यांच्या कॅमेऱ्यांतले चित्रण काही दिवसांत पुसले जाते. ते जप्त करावे असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात द्या. तोंडी विनंती विसरली जाते.

एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो. हा सविस्तर अहवालच दावा म्हणून धरता येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये याच्या अंमलबजावणीबाबत सर्व राज्यांना निर्देशही दिले. माझा सल्ला एवढाच की त्याच्या भरवशावर गप्प बसू नका. अहवाल मागत राहा, पण स्वतःचा दावा स्वतः दाखल करा.

ठाण्यातून या नकला घ्यायच्या: फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, मृत्यू असेल तर मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल, दुखापत प्रमाणपत्र, मोटार वाहन निरीक्षकाचा गाडी तपासणी अहवाल, समोरच्या गाडीचे आरसी बुक, चालकाचा परवाना, विमा पॉलिसी आणि पुढे दोषारोपपत्र. पॉलिसीची प्रत मिळत नसेल तर गाडीच्या नंबरावरून एमपरिवहन ॲपवर विमा कंपनी आणि मुदत दिसते. गाडीला विमाच नसेल, तर मालकाने तारण दिल्याशिवाय ती सोडू नये असा नियम आहे. गाडी सोडू नये असा अर्ज तातडीने करावा लागतो, कारण एकदा गाडी सुटली की बिनविम्याच्या मालकाकडून वसुली करताना दमछाक होते.

तुम्ही कोणत्या गाडीत होता?

लोक हा प्रश्न विचारत नाहीत आणि इथेच फसतात.

तुम्ही पायी होता, सायकलवर होता किंवा दुसऱ्या गाडीत होता आणि समोरच्याची चूक होती, तर वाट सरळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली त्या गाडीचा चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांविरुद्ध दावा. दोन्ही गाड्यांची चूक असेल तर त्रयस्थ जखमी माणूस दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो, त्यांनी आपसात वाटून घ्यावे. स्वतः जखमीचीच काही चूक असेल तर तेवढा हिस्सा कापला जातो. एसटीने धडक दिली असेल तर महामंडळाला सामनेवाला (प्रतिवादी) करायचे.

घरच्याच कारमध्ये, नवरा किंवा भाऊ चालवत असताना मागे बसलेल्याला इजा झाली, तर पॉलिसी बघा. पॅकेज पॉलिसी, म्हणजे बोलीभाषेतला 'फुल इन्शुरन्स', असेल तर आत बसलेल्यांचाही समावेश असतो. नुसता थर्ड पार्टी असेल तर खाजगी कारमधला प्रवासी किंवा दुचाकीवर मागे बसलेला त्यात येत नाही. विमा घेताना हजारभर रुपये वाचवले म्हणून समाधान मानणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावे.

समृद्धी किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टायर फुटून किंवा डुलकी लागून एकटीच गाडी कठड्याला धडकते. चालवणारा स्वतः मालक असेल तर त्याच्याच चुकीबद्दल कलम १६६ चा दावा होत नाही. त्याच्यासाठी मालक-चालक वैयक्तिक अपघात संरक्षण असते, मृत्यू झाल्यास १५ लाख रुपये. तो अर्ज थेट विमा कंपनीकडे करायचा. मित्राची गाडी मागून नेली आणि स्वतःच्याच हातून आपटली, तर कायदा तुम्हाला मालकाच्या जागी धरतो, म्हणजे दाव्याची वाट जवळजवळ बंद.

ट्रॅक्टर-ट्रॉलीत किंवा टेम्पोत मालावर बसून जाणाऱ्यांचे प्रश्न आपल्याकडे दर हंगामात येतात. मालवाहू गाडीत फुकट बसून जाणाऱ्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर सहसा टाकता येत नाही. ऊसतोड मजूर, हमाल किंवा पगारी चालक कामावर असताना जखमी झाला, तर सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० खालीही मागणी करता येते (नोव्हेंबर २०२५ पर्यंत यासाठी कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ होता). एका वेळी एकच वाट निवडायची असते आणि कोणती फायद्याची, हे वय, पगार आणि चूक कोणाची यावर ठरते. हा निर्णय वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नका.

चूक सिद्ध करणे कठीण दिसत असेल तर कलम १६४ आहे. त्यात कोणाची चूक हे दाखवावे लागत नाही. मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख एवढीच ठरावीक रक्कम मिळते. कमावता माणूस गेला असेल आणि पुरावा बरा असेल, तर या वाटेने जाणे म्हणजे हातचे सोडणे.

धडक देऊन गाडी पळाली आणि नंबर सापडलाच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. अर्ज तहसील किंवा उपविभागीय अधिकारी कार्यालयात करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून होते. यासाठी वकील लागत नाही. फिर्याद, शवविच्छेदन अहवाल किंवा दुखापत प्रमाणपत्र, बँक पासबुक आणि ओळखपत्र एवढ्यावर काम होते. पुढे गाडी सापडली तर मोठा दावा करता येतो आणि ही रक्कम त्यातून वळती होते.

सहा महिन्यांची मुदत

एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांसाठी कलम १६६ चा दावा ६ महिन्यांच्या आत दाखल करायचा आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि केवळ मुदतीच्या कारणाने दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. ज्यांची मुदत टळून गेली त्यांना यामुळे आशा आहे. ज्यांची टळलेली नाही त्यांनी मात्र ६ महिनेच धरून चालावे. दोषारोपपत्र यायचे आहे, अपंगत्वाचा दाखला मिळायचा आहे म्हणून थांबू नका, ते कागद नंतर जोडता येतात.

दावा कुठे? अपघात झाला त्या जिल्ह्यात, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथे, किंवा सामनेवाले राहतात तिथे. लातूरच्या कुटुंबातला मुलगा पुण्यात अपघातात गेला, तर आईवडिलांनी तारखांना पुण्याला खेटे घालायची गरज नाही. लातूरच्या न्यायाधिकरणात दावा चालतो.

रक्कम कशी निघते

मृत्यूच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी हिशेब बराचसा ठरवून दिला आहे. उत्पन्न घ्यायचे, त्यात भविष्यातील वाढ मिळवायची, माणसाचा स्वतःवरचा खर्च वजा करायचा आणि वयानुसारच्या गुणकाने गुणायचे. गुणक २५ वर्षांपर्यंत १८, ३१ ते ३५ ला १६, ४१ ते ४५ ला १४, ५१ ते ५५ ला ११ असा उतरत जातो. स्वयंरोजगार किंवा ठरावीक पगार असणाऱ्यांना भविष्यातील वाढ ४० वर्षांच्या आत ४० टक्के, ४० ते ५० मध्ये २५ टक्के. कायम नोकरीत ती अनुक्रमे ५० आणि ३० टक्के. अविवाहिताचा निम्मा खर्च वजा होतो. विवाहितावर दोन-तीन जण अवलंबून असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश.

समजा ३४ वर्षांचा गवंडी, महिना १८,००० रुपये, मागे बायको, दोन मुले आणि आई. ४० टक्के वाढ धरून २५,२००, वर्षाचे ३,०२,४००. एक चतुर्थांश वजा केल्यावर २,२६,८००. गुणक १६. एकूण ३६,२८,८०० रुपये. याच गवंड्याच्या १८,००० चा कागद नाही म्हणून न्यायाधिकरणाने उत्पन्न १०,००० धरले, तर तोच हिशेब २०,१६,००० वर येतो. सोळा लाख रुपये कागदाअभावी गेले.

म्हणून उत्पन्नाचा पुरावा शोधण्यात आळस नको. नोकरदाराचे सोपे आहे: पगारपत्रक, फॉर्म १६, आयकर विवरणपत्र. बाकीच्यांनी घर धुंडाळावे. ठेकेदाराची हजेरीवही, फोन-पे आणि बँकेचे व्यवहार, दूध संघाची पट्टी, आडत्याची पट्टी, साखर कारखान्याचे ऊसबिल, कर्जाच्या हप्त्यांच्या नोंदी, दुकानाचा परवाना, मुलांच्या शाळेची फी कुठून भरली जात होती ते. ठेकेदाराला साक्षीला आणावे लागेल, हे त्याला आधीच सांगून ठेवा. शेतकऱ्याच्या दाव्यात विमा कंपनी म्हणते की जमीन तर जागेवरच आहे, मग नुकसान काय? तेव्हा सातबाऱ्याबरोबर तो स्वतः काय राबत होता हे दाखवावे लागते: ट्रॅक्टर चालवणे, गोठा, बाजारात माल नेणे आणि आता त्यासाठी मजुरीला जाणारा पैसा. गृहिणीच्या कामालाही पैशात मोल आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितले.

याशिवाय अंत्यविधी आणि मालमत्तेच्या (मयताच्या संचिताच्या, गाडीच्या नव्हे) नुकसानीपोटी प्रत्येकी १५,००० आणि सहवासाच्या हानीपोटी ४०,००० रुपये. या आकड्यांत दर ३ वर्षांनी १० टक्के वाढ धरतात. सहवासाची रक्कम फक्त पत्नीची नसते. मुले आणि आईवडील यांनाही ती मिळते, तेव्हा दाव्यात सगळ्यांची नावे घाला.

जखमीच्या दाव्यात अपंगत्वाची टक्केवारी महत्त्वाची आणि तिचा दाखला नुसता जोडून भागत नाही. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवावे लागते. दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१० च्या राजकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे उदाहरणानेच सांगितले: डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व ६० टक्के असू शकते, पण तो माणूस चालक किंवा सुतार असेल तर कमाईचे नुकसान जवळजवळ शंभर टक्के. सरकारी कारकुनाचे तसे नाही. तेव्हा अपघातापूर्वी नेमके कोणते काम करत होता आणि आता त्यातले काय जमत नाही, हे प्रतिज्ञापत्रात बारकाईने उतरवा.

वकील निवडताना

काही रुग्णालयांच्या आवारात कार्ड वाटणारी माणसे फिरतात. वकिलांना अशी गिऱ्हाइके गोळा करायला बंदी आहे, त्यामुळे एजंट पुढे करून येणारा वकील सुरुवातच नियम मोडून करतो. मिळणाऱ्या भरपाईत टक्केवारीने फी ठरवणेही बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. व्यवहारात ते सर्रास चालते, ही गोष्ट वेगळी. फी आकड्यात ठरवा आणि लिहून घ्या. कोरा चेक, कोऱ्या कागदावर सही, एटीएम कार्ड यांतले काहीही देऊ नका. बँक खाते अर्जदाराच्याच नावाचे आणि पासबुक घरात.

पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. मोफत म्हणजे कच्चा, असे काही नाही.

तारखा, तडजोड आणि पैसे हातात येईपर्यंत

दावा दाखल झाल्यावर सामनेवाल्यांना नोटिसा, त्यांची कैफियत (लेखी उत्तर), वादाचे मुद्दे, मग तुमचे प्रतिज्ञापत्र आणि उलटतपास. उलटतपासात माहीत नसलेले ठोकून देऊ नका. 'मी तिथे नव्हतो' हे उत्तर चालते. चालकाकडे परवाना नव्हता, असा बचाव विमा कंपनी बऱ्याचदा घेते. तो सिद्ध झाला तरी त्रयस्थाच्या दाव्यात अनेकदा 'आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश होतो.

मध्येच लोकअदालतीचा प्रस्ताव येतो. तडजोड वाईट नाही, वर्षे वाचतात. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून वरचा हिशेब स्वतः कागदावर मांडून मगच जा. निघणाऱ्या रकमेच्या ८० टक्क्यांच्या आसपास आणि लगेच मिळत असेल, तर मी विचार करायला सांगेन. निम्म्यावर येत असेल तर घरी परत या.

निकालात साधारण ६ ते ९ टक्के व्याज दावा दाखल केल्याच्या तारखेपासून मिळते. अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलांचा हिस्सा मुदतठेवीत ठेवला जातो. शिक्षण किंवा आजारपणासाठी त्यातून काढायला न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करा, फक्त वादातली रक्कम १ लाखाच्या आत असेल तर अपील नाही. विमा कंपनीने ३० दिवसांत रक्कम जमा करायची असते. केली नाही, किंवा गाडीला विमाच नव्हता आणि मालक टाळतो आहे, तर न्यायाधिकरणाकडे कलम १७४ खाली वसुली प्रमाणपत्र मागा. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. मालकाच्या जमिनीचा गट नंबर, घराचा मिळकत क्रमांक आणि इतर गाड्यांचे नंबर अर्जासोबत तुम्हीच द्या, म्हणजे तलाठ्याला शोधत बसावे लागणार नाही.